१९७० च्या शेवरले सी-१० पिकअपला २० इंची चाके बसतील का, आणि टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिले आहे की तुमची सी-१० आधीच्या मालकाने खाली बसवलेली, म्हणजे तिची उंची कमी केलेली आहे, पुढे डिस्क ब्रेक घातलेले आहेत, आणि विक्रेत्याने सालानुसार तक्ता पाहून चाके मागवायला सांगितले आहे. ‘सालानुसार’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण त्या एका शब्दापायी सात वर्षांपूर्वी माझा एक नवाकोरा टायर गेला आणि साडूंशी सुरू झालेला वाद आजतागायत मिटलेला नाही.

तक्ता खोटा नसतो. १९७० पर्यंतच्या सी-१० ला १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा स्टड (चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते दांडे) असत, आणि १९७१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले तेव्हा १२७ मिलिमीटर वर्तुळावर पाच स्टड आले, हे कारखान्यातून निघालेल्या गाडीपुरते अगदी बरोबर आहे. परंतु बदल केलेल्या गाडीचे साल फक्त कागदावर उरते. तिचे पुढचे हब, म्हणजे चाक ज्यांवर बसते ते भाग, एका सालाचे, मागचा ॲक्सल दुसऱ्या सालाचा आणि स्प्रिंग गेल्या वर्षी कुठल्याशा दुकानातून आलेले असतात.

माझी गाडीही १९७० चीच आहे आणि मी मिशिगनमध्ये नोव्हाय येथे राहतो. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते, तिला गाडी न्यायची म्हणून जुलैत चाके घेण्याचे ठरले. आमचे साडू तेव्हा ह्यूस्टनहून आले होते. ते मूळचे कऱ्हाडचे, वडिलांचे गॅरेज, आणि लहानपण जीपखाली गेलेले; त्यामुळे चाकांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा मानला जाई. आमच्या गाडीला लोखंडी रिम आणि त्यांवर नट झाकणाऱ्या छोट्या व्हीलकॅप होत्या. साडूंनी पुढच्या डाव्या चाकाची कॅप काढली, पाच नट मोजले आणि कॅप परत ठोकून बसवली. मी म्हटले, मागचीही काढून पाहू. ते म्हणाले, “अहो, पुढे पाच म्हणजे मागे पाचच. पुढे-मागे वेगळ्या चाकांची जीप तुम्ही कधी पाहिली आहे का?”

जीपपुरते त्यांचे बरोबर होते, हे मी तेव्हाही मान्य केले होते आणि आजही करतो. विलीस जीपला १३९.७ च्या वर्तुळावर पाच स्टड होते, महिंद्रांच्या जीपमध्ये तीच पद्धत पुढे चालू राहिली, आणि त्यामुळे कऱ्हाडात एका जीपचे चाक दुसरीला सहज बसत असे. त्या अनुभवाला अमेरिकेत, चार हातांतून फिरलेल्या पिकअपवर काही किंमत नव्हती इतकेच.

चार चाके आली. १५ इंच व्यासाची, ८ इंच रुंद, ४ इंच बॅकस्पेसिंगची (रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर), आणि त्यांवर २७५/६० आर १५ टायर (रुंदी २७५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची) चढवूनच आलेली. पुढची दोन सुरेख बसली. मागची कॅप काढली तर आत सहा स्टड. टायर चढवलेली चाके दुकानदार परत घेईना, तेव्हा साडूंनी सहाचे पाच करणारे ॲडॉप्टर मागवले. त्यांची जाडी सव्वा इंच, म्हणजे जवळजवळ ३२ मिलिमीटर. दोन्ही मागची चाके तेवढी बाहेर सरकली, आणि लांबून गाडी फारच रुबाबदार दिसू लागली, हेही खरे आहे.

क्रूझच्या दिवशी मागच्या हौद्यात घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या दोन पेट्या आणि खाण्यापिण्याचे सामान होते. वाटेत एका खोलगट जागी गाडीचा मागचा भाग खाली दबला आणि डाव्या मडगार्डच्या आतल्या दुमडीने टायरच्या कडेला हातभर लांब चीर पाडली. उजव्या टायरवर ओरखडासुद्धा नव्हता. साडूंनी तिथेच रस्त्याकडेला निकाल दिला की चाक चुकीचे असते तर दोन्ही बाजूंना घासले असते, ज्या अर्थी एकच बाजू घासली त्या अर्थी गाडी चालवणाऱ्याने ती खड्ड्यात घातली. हा निकाल त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीत मला पाहुण्यांसमोर ऐकावा लागला आहे.

एकच बाजू का घासली, हे तुमच्याही उपयोगाचे आहे. सी-१० च्या मागे बहुधा कॉइल स्प्रिंग असतात, आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एका टोकाला चासीला व दुसऱ्या टोकाला ॲक्सलला जोडलेली एक पॅनहार्ड दांडी असते. दांडीची लांबी ठरलेली असल्यामुळे तिचे ॲक्सलकडचे टोक सरळ रेषेत वर-खाली न होता कमानीत फिरते. आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली बसवली की दांडीचा कोन बदलतो आणि सगळा ॲक्सल एका अंगाला सरकतो. माझ्या गाडीत तो १० मिलिमीटर डावीकडे सरकला होता, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत २० मिलिमीटरांचा फरक पडला होता. पुढे मी लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी घातली, मागच्या ॲक्सलला पाच स्टडचे शाफ्ट आणि ड्रम बसवले, ॲडॉप्टर काढून टाकले. तीच चाके आणि त्याच मापाचे टायर आज कुठेही न घासता फिरत आहेत. चालवणारा तोच आहे.

म्हणून तुम्ही चारही चाके उतरवा आणि चारही जागी मोजा. सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर सरळ मोजता येते. पाच असतील तर एक सोडून पुढच्या स्टडपर्यंतचे अंतर घ्या, ते १२०.८ च्या आसपास भरले तर वर्तुळ १२७ चे, १३२.९ भरले तर १३९.७ चे. नंतर गाडी नेहमीच्या उंचीवर टेकवून, चाक जिथे टेकते त्या हबच्या पृष्ठभागापासून आत आणि बाहेर काय-काय अडते ते पाहा. डिस्क ब्रेक मागाहून घातलेले असल्यास हा पृष्ठभागच कित्येकदा बाहेर आलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या सी-१० ला बसलेले माप तुमच्या उपयोगाचे नाही. ८ इंची रिम कडांसह साधारण ९ इंच भरतो, म्हणून ४.५ इंच बॅकस्पेसिंग म्हणजे शून्य ऑफसेट (टेकणारा पृष्ठभाग रिमच्या बरोबर मधोमध) आणि ४ म्हणजे रिम अर्धा इंच बाहेर, हा हिशेब लक्षात ठेवा. पुढची चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबूनही पाहावे लागेल.

आता २० इंचांविषयी. बसतील, पण मला आवडत नाहीत. २५५/४० आर २० टायरचा बाहेरचा व्यास ७१२ मिलिमीटर होतो आणि माझ्या २७५/६० आर १५ चा ७११, म्हणजे मडगार्डखालची जागा दोघांना सारखीच लागते. फरक कडेच्या उंचीत आहे: माझी १६५ मिलिमीटर, त्या टायरची १०२. हिवाळा सरल्यावर मिशिगनच्या रस्त्यांना जे खड्डे पडतात, त्यांत ते उरलेले रबर फार थोडे ठरते. शिवाय २७५/४५ आर २० घेतलात तर व्यास ७५५ वर जातो आणि खाली बसवलेल्या गाडीत तो आत बसवणे कठीण होते.

ओझ्याचा विचार मात्र करा. मोटारीचा टायर पिकअपवर चढवला की त्याची क्षमता १.१० ने भागून धरावी लागते. माझ्या टायरचा निर्देशांक, म्हणजे कडेवर छापलेला ओझ्याचा आकडा, १०७, म्हणजे ९७५ किलो, तो ८८६ वर येतो. १०१ निर्देशांकाचा ८२५ किलोचा टायर ७५० वर येतो. नुसती मिरवायची गाडी असेल तर चालेल, विटा वाहायच्या असतील तर नाही. कडेवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा. असा टायर नवा म्हणून विकला जात असला तरी घेऊ नका. जीप रँग्लरची २००७ नंतरची चाकेही १२७ च्या वर्तुळाची असतात म्हणून स्वस्तात घेण्याचा मोह होईल, पण त्यांचे मधले भोक सी-१० च्या हबला लहान पडते आणि ऑफसेट आतल्या बाजूचा असतो, म्हणजे चाक आत सरकते. नट रिमच्या बैठकीशी जुळणारेच हवेत. जुन्या ॲल्युमिनियम चाकांतील काहींना निमुळते नट चालत नाहीत, वॉशरवाले लागतात. पुढे पाच आणि मागे सहा अशीच गाडी ठेवणार असाल, तर स्टेपनी कोणत्या टोकासाठी ठेवायची तेही आधी ठरवा.

ॲडॉप्टर सरसकट वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. हबवर नेमके बसणारे, नीट कसलेले आणि नंतर शंभरेक मैलांनी पुन्हा तपासलेले ॲडॉप्टर लोक वर्षानुवर्षे वापरतात. माझ्याकडे त्यांच्या जाडीला जागाच नव्हती. तुम्ही मागच्या दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्ड यांतले अंतर मोजलेत की ते आकडे कृपया मला कळवा. डावे-उजवे वेगळे निघाले तर यंदाच्या गणपतीत ते मला साडूंना दाखवायचे आहेत.