वाचकांचे प्रश्न : पेटीपुढे बसणाऱ्याचे घर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. रविवारच्या उपासनेत गीते चालवणारा माणूस, त्याचे घर आणि त्याची ख्रिस्ती मंडळी (चर्चचा समुदाय) यांच्यात होणारी ओढाताण हा तो विषय. पत्रे थोडक्यात देऊन त्याखाली उत्तरे दिली आहेत. जालना जिल्ह्यातील एका मंडळीत मी स्वतः २८ वर्षे पेटीवर (हार्मोनियमवर) बसले आहे, त्यामुळे काही ठिकाणी घरचा अनुभव सांगितल्यावाचून राहवले नाही.

प्रश्न : माझे पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून चार वर्षांपासून मंडळीत गीते चालवतात. शुक्रवारी सराव असतो, शनिवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते, आणि रविवारी सकाळी साडेसातला बाहेर पडले की घरी यायला दोन वाजतात. सात आणि चार वर्षांच्या मुलांना घेऊन मी शेवटच्या बाकावर एकटी बसते. काही बोलले तर "हे प्रभूचे काम आहे" असे उत्तर मिळते आणि मलाच अपराधी वाटू लागते. माझे चुकते का? — एक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : आपले मुळीच चुकत नाही, आणि आपल्या पतींनी ज्या शास्त्राचा आधार घेतला आहे तेच शास्त्र आपल्या बाजूने बोलते. बायबलमधील 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात दाविदाने मंदिरातील गायकांची जी व्यवस्था लावली ती एकदा दोघांनी मिळून वाचावी. गाण्यात तरबेज असे २८८ जण होते, आणि थोर-लहान किंवा गुरु-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकून त्यांच्या प्रत्येकी १२ जणांच्या २४ पाळ्या लावून दिल्या होत्या. एवढे मोठे मंदिर, एवढे निपुण गायक, तरी सगळा भार एकाच्या अंगावर टाकलेला नव्हता. आपल्या मंडळीत मात्र ५२ रविवार आणि चाळीसएक घरप्रार्थना एकच शिक्षक सांभाळतो, आणि त्याला कोणी थांबवत नाही, कारण त्याच्यामुळे बाकी सर्वांची सोय होते.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते याचे कारण माझ्याच घरातले आहे. धाकटी मुलगी पाच वर्षांची असताना झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मी पेटीवर होते. दुसरे गीत सुरू असताना ती बाकावरून उठून माझ्याजवळ आली आणि भाता हलवणाऱ्या माझ्या डाव्या हातावर तिने आपला हात ठेवला. हात चांगलाच तापलेला होता, हे मला कळले. तरी मी डोळ्यांनी तिला "जाऊन बस" असे खुणावले आणि कडवे पूर्ण केले. उपासना संपली तेव्हा ती बाकाखाली, चपलांच्या शेजारी झोपलेली सापडली. हातातली झावळी तशीच होती. त्या दिवशी मला कोणी एका शब्दाने दोष दिला नाही, उलट दोघी-तिघींनी आजच्या गाण्याचे कौतुक केले, आणि ते कौतुक ऐकवेना. सोमवारी संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि दुसरा पेटीवाला तयार होईपर्यंत महिन्यातून एका रविवारी पेटीशिवाय गाऊ या, असे सुचवले. त्यांनी ते मानले. त्या रविवारी मंडळी नुसत्या टाळ्यांवर आणि एका टाळजोडीवर गायली, आणि चार महिन्यांत शब्बाथ शाळेतला एक मुलगा सोप्या चाली वाजवू लागला.

म्हणून आपल्या पतींना "हे काम सोडा" असे म्हणू नका. महिन्यातला एक रविवार आपल्या बाकावर बसण्यासाठी मागा, आणि तो कोणता हे महिन्याच्या सुरुवातीलाच पाळकांना सांगून ठेवायला लावा. गीते गुरुवारपर्यंत ठरली तर शनिवारची रात्र मोकळी मिळते; ऐनवेळी गीत बदलण्याची सवय असलेल्या घरात रविवारची सकाळ भांडणातच जाते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. आणखी एक विनंती आहे. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी गीत सुरू करू नये. सात वर्षांच्या मुलाला गीत निवडू द्यावे, त्याने धरलेल्या सुरात सर्वांनी गावे, आणि तो सूर चुकला तरी मध्येच दुरुस्त करू नये. ज्या माणसाला दिवसभर वर्गात आणि रविवारी मंडळीत पुढे उभे राहावे लागते, त्याला घरात मागे बसून गाण्याची गरज सर्वांत जास्त असते.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून दोन वर्षांपासून वर्शिप टीम चालवतो. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या पुस्तकातलीच गीते हवी असतात, तरुणांना मोबाइलवर ऐकलेली नवी गीते कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडसह हवी असतात. नवे गीत घेतले की अर्धी मंडळी तोंड मिटून उभी राहते. मी कोणाचे ऐकावे? — एक तरुण वाचक, जालना

उत्तर : ज्या गीतांना आज आपण जुनी म्हणतो तीही एके काळी नवीन होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी मराठी मंडळ्यांमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर पुष्कळ गायली जात. टिळकांनी ख्रिस्तभक्ती ओवी, अभंग आणि पदांतून सांगितली, आणि आपल्या गावच्या न शिकलेल्या आजीलाही ती पाठ झाली. नामदेवांची नरसी, एकनाथांचे पैठण आणि जनाबाईंचे गंगाखेड आपल्या मराठवाड्यातच आहेत. अभंगाचा ठेका इथल्या कानाला लहानपणापासून ओळखीचा आहे. त्यामुळे आपल्या आवडीच्या नव्या गीतांतूनही ज्याचे ध्रुपद एकदा ऐकून परत म्हणता येते आणि ज्याचे मराठी आपण घरात बोलतो तसे आहे, असे गीत आधी उचलावे. हिंदीवरून ओढूनताणून केलेल्या भाषांतरात शब्द सुरांच्या खाली दबतात, आणि ते वडीलधाऱ्यांच्या आधी तरुणांच्याच लक्षात यायला हवे.

तोंड मिटून उभे राहण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा गीत जुने की नवे हे नसते. कारण असते पट्टी, म्हणजे गाणे ज्या उंचीच्या 'सा'वर धरतो ती. रेकॉर्डिंगमधल्या गायकाचा आवाज तयार असतो, तो वरच्या सुरांत सहज फिरतो, आणि आपण त्याच पट्टीत कीबोर्ड लावून मंडळीला त्याच्यामागे धावायला लावतो. गीत कोणत्या सुरावर सुरू होते ते न पाहता ते सर्वांत वर कुठे जाते ते पाहावे. चाल मंद्र पंचमापासून (खालच्या 'प'पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) असेल तर पेटीच्या सप्तकातली काळी एक किंवा फार तर पांढरी दोन ठीक आहे. बहुतेक बाया तेवढ्या वर जातात आणि पुरुष खालच्या सप्तकात गातात. अंतरा तार गंधाराला (वरच्या 'ग'ला) जात असेल आणि चाल मध्य षड्जाखाली फारशी उतरत नसेल, तर षड्ज खाली आणून काळी पाचवर ठेवावा. सकाळी आवाज उघडलेला नसतो, म्हणून पहिले गीत कधीच उंच घेऊ नये. टीममधल्या सर्वांत चांगल्या गायिकेला जी पट्टी सोयीची वाटते ती मंडळीला बहुधा अवघड असते. तेव्हा पट्टी ठरवताना सरावाच्या वेळी एखाद्या मावशींना बोलावून बसवावे आणि त्यांचा आवाज कुठे थांबतो ते ऐकावे. आमच्याकडे हे काम आमच्या चर्चच्या झाडलोट करणाऱ्या काकू करत असत, आणि त्यांनी मान हलवली की मी एक सूर खाली येत असे.

एका रविवारी एकच नवे गीत घ्यावे आणि तेच पुढचे तीन रविवार पुन्हा घ्यावे. पहिल्या दिवशी उपासनेच्या दुसऱ्या घंटेच्या आधी दहा मिनिटे ते वाद्यांशिवाय, ओळीमागून ओळ शिकवावे. ३३ व्या स्तोत्रात नवे गीत गाण्याची आणि वाद्ये कुशलतेने वाजवण्याची आज्ञा एकाच वचनात आली आहे. ऑक्टोपॅडचा आवाज गाणाऱ्यांच्या वर चढत असेल तर त्याला कौशल्य म्हणता येणार नाही. तीन रविवारांनंतरही मंडळी एखादे गीत उचलत नसेल तर ते सोडून द्यावे, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. आणि त्यानंतर वडीलधाऱ्यांच्या आवडीचे एक गीत कीबोर्ड बंद ठेवून पेटी-तबल्यावर घ्यावे. दोन्ही पिढ्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येणे हेच आपले काम आहे, म्हणून कोणा एकाचेच ऐकण्याचा प्रश्न येत नाही.

प्रश्न : मी गीते चालवतो आणि माझा १५ वर्षांचा मुलगा तबल्यावर साथ करतो. आता तो बसायला नको म्हणतो. मंडळीत लोक काय म्हणतील? — एक वडील, परभणी

उत्तर : त्याला उठू द्यावे. पहिल्या इतिहासाच्या त्याच २५ व्या अध्यायात मंदिरातील गायक हेमानाचे १४ मुलगे आणि ३ मुली बापाच्या हाताखाली गात असल्याचे लिहिले आहे, आणि ते वाचून आपल्यासारख्या आईबापांना मोह होतो, हे मी समजू शकते. पण १५ व्या वर्षी मित्रांच्या बाकावर बसून उपासना ऐकावीशी वाटणे यात काही वाईट नाही. लोकांनी विचारले तर "दहावीचे वर्ष आहे" अशी सबब सांगू नका. "त्याला सध्या बाकावर बसायचे आहे" असे खरेच सांगा, म्हणजे परत यायचे असेल तेव्हा त्याला संकोच वाटणार नाही.

प्रश्न : मी मजुरीवर काम करतो. नाताळच्या आठवड्यात कॅरलच्या फेऱ्या रात्री दोन-अडीचपर्यंत चालतात आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. पेट्रोलही माझेच. मंडळीच्या पंचांना सांगितले तेव्हा "सेवेचे पैसे मागतात का?" असे ऐकावे लागले. — एक बंधू, गेवराई

उत्तर : हा प्रसंग बायबलमधील सुभेदार नहेम्याच्या काळीही आला होता. त्याच्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात लिहिले आहे, की लेवी (मंदिराची सेवा करणारे) आणि गायक यांना त्यांचा वाटा मिळेनासा झाला तेव्हा ते मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्याने परत येऊन जाब कोणाला विचारला? गायकांना नाही, अधिकाऱ्यांना. आणि मग गायकांना बोलावून पुन्हा त्यांच्या जागेवर उभे केले. आपण हा अध्याय पंचांपुढे वाचून दाखवला तरी चालेल, मात्र रागाने वाचू नका.

मागणी स्पष्ट असावी. फेऱ्यांच्या दिवसांतील पेट्रोल आणि बुडालेली मजुरी मंडळीच्या खात्यातून मिळावी, तसा ठराव पंचांच्या बैठकीत लिहून घ्यावा आणि रक्कम वहीत नोंदवावी. घरोघरच्या प्रार्थनेनंतर हातात ठेवलेले पाकीट प्रेमाने दिलेले असले तरी त्यावर संसार चालवू नये, कारण मग ज्या घरात पाकीट मिळत नाही तिथे जाताना पाय जड होतो. आणि फेऱ्या रात्री ११ वाजता थांबवाव्यात, असेही सुचवा. दोन वाजता दार वाजले तर झोपेतून उठणाऱ्या घरालाही फारसा आनंद होत नाही.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरवर्षी दिवाळीनंतर कोयत्यावर (ऊसतोडीला) जातो आणि पाच-सहा महिन्यांनी परततो. गावात असताना मी मंडळीत गीते चालवतो. आता तरुणांचे म्हणणे आहे की अर्धे वर्ष नसणाऱ्याने ही जागा सोडावी. — एक बंधू, बीड जिल्हा

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण हौसेने अर्धे वर्ष बाहेर राहत नाही. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती फेडायची असते, हे गावातल्या तरुणांना ठाऊक असूनही ते असे म्हणाले याचे वाईट वाटले. तरी त्यांच्या बोलण्यातला एक भाग रास्त आहे. नाताळ आणि उत्तम शुक्रवार, दोन्ही वेळा बहुधा आपण उसाच्या फडावर असता, आणि त्या दिवशी कोणी तयार नसले तर मंडळीची पंचाईत होते. तेव्हा निघण्यापूर्वीच्या दोन-तीन रविवारी त्यांच्यातल्याच एकाला आपल्या शेजारी उभे करून नाताळची आणि सप्तोद्गारांच्या (उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सात वचनांच्या) उपासनेची गीते त्याच्याकडून म्हणवून घ्या, आणि जाताना सर्वांसमक्ष गीतपुस्तक त्याच्या हाती द्या. परत आल्यावर जागा कोणाची असा वाद घालू नका. दोघांनी पाळी लावून घ्या.

आणि फडावर आपण कोण आहात, याचाही विचार करा. बाबेलच्या नदीकाठी बंदिवानांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या, परक्या देशात प्रभूचे गीत कसे गावे असे त्यांना वाटले, हे १३७ व्या स्तोत्रात आले आहे. आपली वीणा टांगू नका. पहाटे फडात शिरायचे आणि ट्रॅक्टर भरून कोपीवर (तोडणी मजुरांच्या झोपडीवर) परतायला अंधार पडायचा, अशा दिवसात मोठी उपासना होणे शक्य नाही, हे मी जाणते. पण टोळीत आपल्या मंडळीची दोन-तीन घरे असली तर आठवड्यातून एका रात्री भाकरी झाल्यावर चुलीजवळ बसून तीन गीते आणि एक वचन एवढे होऊ शकते. गीते पाठ असलेली निवडा, कारण उजेड पुरत नाही. आणि लहान मुलांना जवळ घेऊन बसा, त्यांची शब्बाथ शाळा त्या महिन्यांत तीच असते. शेजारच्या कोप्यांतले लोक थकून झोपलेले असतात, म्हणून आवाज बेताचा ठेवा.

निघण्यापूर्वी आपली टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत उतरणार आहे ते मुकादमांकडून विचारून आपल्या पाळकांना लिहून द्या. त्या भागातल्या पाळकांशी ते बोलतील, आणि नाताळच्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी कोपीवर येऊन प्रभूभोजन देण्याची विनंतीही त्यांच्यामार्फत करता येईल.