माकडाचं ‘निरोगी’ प्रमाणपत्र

बडोद्यातल्या काविळीच्या रुग्णांच्या विष्ठेत हेपेटायटिस ई विषाणू (एचईव्ही), जीनोटाइप १ म्हणजे त्याचा पहिला उपप्रकार, सापडला आणि गाईड म्हणतात रीसस माकडांना टोचून बघू, माकडं कुठून घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळा आला. मीही दांडिया बाजारात राहून हेच उद्योग केलेत. आता निवृत्त आहे.

डुकरात हा जीनोटाइप धरत नाही म्हणून माकडं लागतात, वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. कुठून घ्यायची ते सोडा, आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं ते ऐका.

आमच्याकडे चार माकडं आली. सोबत पुरवणाऱ्या कार्यालयाचा शिक्का मारलेला कागद: निरोगी. पापणीत ट्युबरक्युलिन टोचून क्षयाची तपासणी झालेली, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल. मी खूश. रुग्णांच्या विष्ठेपासून केलेला नमुना शिरेतून दिला, मग दर आठवड्याला भूल देऊन मांडीतून रक्त. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एएलटी चढायला हवं. दोघांचं चढलं, दोघांचा आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट. आधी नमुन्याला दोष दिला, मग फ्रीझरला, मग तंत्रज्ञाला चार शब्द सुनावले (नंतर त्याची माफी मागितली). शेवटी टोचण्याआधीचं राखून ठेवलेलं सीरम तपासलं. ज्यांचा आलेख सपाट होता त्या दोघांतही एचईव्हीची आयजीजी (जुन्या संसर्गाची खूण असलेली अँटीबॉडी) आधीपासूनच, मग नवा संसर्ग धरणार कसा! जंगलातून पकडलेल्या माकडांत ती सापडते, हे छापून आलेलं मी वाचलंही होतं. शिक्का बघून विसरलो. कार्यालयाला फोन केला तर म्हणे, “निरोगी म्हणजे आजारी नाही, एवढंच.” खोटं नव्हतं म्हणा, पण आमचे दोन महिने गेले.

मॉस्कोच्या बालायान या विषाणूशास्त्रज्ञाने असाच नमुना स्वतः पिऊन १९८३ साली ते छापलं. त्याच्या अंगात हेपेटायटिस एच्या अँटीबॉडी आधीच होत्या, म्हणूनच त्याला झालेली कावीळ ए नव्हे असं म्हणता आलं. तेव्हा आधीचं सीरम तपासाच, आणि टोचण्याआधी तपासा.

माकडांचा प्रस्ताव संस्थेच्या समितीपाशी संपत नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए समितीकडे (जुनं नाव सीपीसीएसईए) जातो. माझी माहिती जुनी आहे, ताजे नियम बघून घ्या. माकडाने चावलं वा ओरबाडलं तर आधी पंधरा मिनिटं साबणाने धुवा, फॉर्म नंतर भरा. हर्पीस बी, म्हणजे माकडांतून माणसाला होणारा जीवघेणा विषाणू, गंमत नाही.

त्याच माकडांना हेपेटायटिस बी टोचू का, हेही विचारलंय. नको. रीससच्या यकृतपेशीवरचं एनटीसीपी हे प्रथिन त्या विषाणूला दार उघडत नाही.