काचेचं चाक चालतं का?

प्रश्न : भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. गाडीची चारही चाकं आरपार, रीमही आणि टायरही. बॉनेट उघडलं तर इंजिनसुद्धा काचेसारखं, आत पिस्टन खालीवर होतोय आणि निळी ज्योत दिसतेय. भाचा म्हणतो, परदेशात असं बनतं. मी म्हणतो, सगळी कॉम्प्युटरची करामत. पाचशे रुपयांची पैज लागली आहे. निकाल तुम्ही द्या. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पाचशे रुपयांची मिसळ आणा आणि दोघांनी मिळून खा. तुम्ही सांगताय तशी आख्खी गाडी खोटी, हे व्हिडिओ न बघताही सांगतो. पण पारदर्शक भाग बनतच नाहीत असं तुमचं म्हणणं असेल, तर तिथे भाच्याची बाजू घ्यावी लागेल. कारण असा एक भाग मी स्वतः बनवलाय.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. प्रदर्शनासाठी काहीतरी हवं होतं. कटसेक्शनचं इंजिन होतंच, कापलेल्या कडांना लाल रंग दिलेलं, हँडलने फिरवायचं. पण ते पोरांना पाठ झालेलं. म्हणून अँबॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनला अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचं, टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) बसवायचं ठरवलं. त्या इंजिनाचं कव्हर वरून दोनच नटांवर बसतं, म्हणून सोपं वाटलं. नंबरप्लेटा करणाऱ्याकडून जाड शीट आणलं, तुकडे कापले आणि क्लोरोफॉर्मने जोडून पेटी केली. कडा करवतीने कापल्या की दुधाळ दिसतात. पॉलिश पेपर, मग पाणी लावून बारीक पेपर, मग ब्रासो, असे दोन दिवस घासत बसलो.

इंजिन सुरू केलं आणि पोरांनी ‘ओ’ केलं. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, टाइपरायटरच्या दांड्यांसारखे टकाटक हलत होते. हे सुख पाच मिनिटांचं. रॉकर शाफ्टमधून उडणारं तेल आतून पसरलं, त्यावर वाफ धरली आणि कव्हर जिलेबीच्या पाकासारखं पिवळं, अंधुक झालं. तेल गळतंय म्हणून एका पोराने नट अर्धा आटा जास्त आवळला. भोकापासून कडेपर्यंत सुतासारखी चीर गेली.

तेव्हापासून माझी पहिली कसोटी हीच. खरा पारदर्शक भाग घाण होतो. व्हिडिओत इंजिन दोन मिनिटं चालून आतून लख्ख दिसत असेल, तर त्यात तेल नाही. तेल नाही म्हणजे ते चालत नाही, कोणीतरी मोटर लावून फिरवतंय. किंवा मग ते इंजिनच नाही, चित्र आहे.

खरे प्रयोगही आहेत. अमेरिकेतल्या एकाने गवत कापायच्या मशीनसारख्या लहान इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, अ‍ॅक्रिलिकचं करून आतला जाळ स्लो मोशनमध्ये टिपला होता. तिथे पारदर्शक भाग एकच, बाकी सगळं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात बाउडिच नावाच्या इंजिनिअरने याहून भारी युक्ती काढली. पिस्टन लांब आणि पोकळ केला, डोक्यावर क्वार्ट्‌झची, म्हणजे ताप सोसणाऱ्या काचेची, खिडकी बसवली आणि पोकळीत 45 अंशात आरसा उभा केला. कॅमेरा बाजूला ठेवायचा, जाळ आरशात बघायचा. प्रयोगशाळांतून ही पद्धत आजही वापरात आहे. तीही इंजिनं थोडा वेळच चालवतात, मग काजळी पुसतात.

आता रीम. अ‍ॅक्रिलिक साधारण 105 अंशाला मऊ पडायला लागतं आणि घाटात उतरताना ब्रेकची डिस्क सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट तापते. शिवाय ते वाकत नाही, तडकतं. लोखंडी रीम खड्ड्यात आपटली की चेपते, आपण ठोकून सरळ करतो. अ‍ॅक्रिलिकला नटाच्या भोकाशी एक चीर पडली की पुढचा खड्डा तिचाच. तरीही कुणी हौशीने जाड ठोकळा मिलिंग करून रीम बनवली आणि गाडी अंगणात फिरवली, तर ते अशक्य नाही. अशा व्हिडिओत मागची डिस्क कशी दिसते ते बघा. पाण्याच्या पेल्यात चमचा वाकडा दिसतो ना, तशी डिस्क त्या जाड, गोलसर ठोकळ्यातून वेडीवाकडी दिसली पाहिजे. हवेतून दिसावी तशी सरळ दिसत असेल, तर मधे अ‍ॅक्रिलिक नाहीच.

टायरचं तर त्याहून सोपं. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत नायलॉन-पॉलिएस्टरचे दोरे, तारांचे पट्टे, रिमवर बसणाऱ्या कडेला तारेची रिंग. पंक्चरवाल्याकडे फाटलेला टायर बघितला असेल तर ठाऊक असेल. रबर पारदर्शक केलं तरी हा सांगाडा कुठे जाईल? व्हिडिओत तो दिसत नसेल, तर पैज तुम्ही जिंकलात.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या परदेशी मासिकात आतून दिवा लावल्यासारख्या चमकणाऱ्या टायरांचा फोटो आहे, मोटारीजवळ एक बाई उभी. तो काळ कॉम्प्युटरचा नव्हता. मग हे काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : फोटो खरा असावा, मासिक जपा. 1960च्या सुमारास गुडइयरने असे टायर खरोखर बनवले होते. रबराऐवजी पॉलियुरेथेन, दोऱ्यांशिवाय एकसंध ओतलेलं, हवा तो रंग घालून. रिमवर आतल्या बाजूला छोटे दिवे. वरचं माझं सांगाड्याचं बोलणं इथे लागू नाही, कारण सांगाडाच काढून टाकला होता. तुमच्या नातवंडांच्या स्केटची चाकं बघा, नारिंगी, अर्धपारदर्शक, लाइट मारणारी. जात तीच.

टायर रस्त्यावर फिरले, दुकानात मात्र आले नाहीत. ओल्या रस्त्यावर पकड कमी आणि जोरात ब्रेक दाबला की वितळायला लागायचे. काळ्या टायरमधलं काळं म्हणजे काजळीच, कार्बन ब्लॅक. ती रबर झिजू देत नाही, उन्हाने चिरू देत नाही. सुरुवातीचे टायर पांढरट असायचे. लोकांनी हौसेने काळे केले नाहीत, ते टिकले म्हणून काळे राहिले. गोल्डन सहारा नावाच्या जुन्या अमेरिकी शो-कारला मात्र नवे चमकते टायर घालून 2019 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडलं होतं. ती उभीच होती.

याच जातीची आणखी एक गाडी सांगतो, कारण तिचे फोटो दिसले की लोक हमखास ‘खोटं’ म्हणतात. 1939च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने एक पॉन्टियाक ठेवली होती. सगळी बॉडी प्लेक्सिग्लासची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचीच, टायर पांढरे. आतल्या पत्र्याला तांब्याचा मुलामा, बारीक सामानाला क्रोम. तेव्हा म्हणे 25,000 डॉलर खर्च आला. 2011 साली लिलावात ती 3,08,000 डॉलरला गेली, तेव्हा मीटरवर शंभर मैलसुद्धा झालेले नव्हते. पारदर्शक होतं ते कातडं. इंजिन, चाकं, चासी नेहमीचीच.

प्रश्न : ऑनलाइन बुलेटसाठी पारदर्शक कव्हर मिळतंय. घेऊ का? — एक वाचक, सातारा

उत्तर : चेन किंवा बेल्टवर बसणारं, तेल नसलेल्या जागेचं असेल तर हरकत नाही. तेलाच्या जागेचं असेल तर कशाचं आहे ते दुकानदाराला विचारा. पॉलिकार्बोनेट असेल तर अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त ताप सोसतं आणि सहसा तडकत नाही. ‘फायबर आहे साहेब’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, लावा, खाली रबरी वॉशर घाला. आणि पुसायला थिनर घेऊ नका. मी त्या प्रदर्शनानंतर घेतला होता. कोळ्याने रात्रभर जाळं विणावं तशा चिरा सकाळी सगळ्या कव्हरभर. कोमट पाणी, साबण आणि जुन्या धोतराचं फडकं.