करिअर मार्गदर्शन : ‘मुलीला मानवी तस्करीविरोधी पथकातच जायचे आहे’

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सुदामा नगरहून आलेले आपले पत्र दोनदा वाचले. आपली कन्या मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, महाविद्यालयात एका पोलीस अधिकाऱ्याचे व्याख्यान ऐकल्यापासून ‘मानवी तस्करीविरोधी पथकातच जायचे’ असे तिने ठरवून टाकले आहे, तिच्या वडिलांना तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असे वाटते, आणि आपल्याला, आपलेच शब्द वापरायचे तर, ‘छापे घालणारी मुलगी घरी परतेपर्यंत डोळ्याला डोळा लागणार नाही’ ही धास्ती आहे. पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की ही नोकरी नेमकी असते तरी कशी. तिघांच्याही मतांचा निवाडा या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे मी तेथूनच सुरुवात करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, जी व्याख्यानात बहुधा राहून गेली असावी. या पथकासाठी वेगळी जाहिरात निघत नाही आणि वेगळी परीक्षाही नसते. उमेदवार पोलीस दलात भरती होतो, आणि दल त्याला कुठे नेमायचे ते ठरवते. आज तस्करीविरोधी कक्षात असलेली अधिकारी उद्या वाहतूक शाखेत किंवा एखाद्या थान्यात (पोलीस ठाण्यात) चोऱ्यांची विवेचना म्हणजे तपास करताना दिसू शकते. म्हणून ‘त्या पथकात जायचे’ हा निर्णय तिच्या हातातला नाही. ‘ते पथक कधी मिळाले नाही तरी मला पोलीस व्हायचे आहे का’ एवढाच निर्णय तिच्या हातात आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर तिने स्वतःशी द्यायला हवे.

आता कामाविषयी. ‘तस्करी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमा ओलांडून चोरटा माल नेणारी टोळी येते. कायद्याला मात्र सीमेची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार धमकी, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी कोणत्याही मार्गाने, शोषणासाठी, एखाद्या व्यक्तीला भरती करणे, नेणे, दडवून ठेवणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा तिचा ताबा घेणे, हे सारे तस्करीत मोडते. अलीराजपूरच्या मुलाला इंदूरच्या एखाद्या कारखान्यात डांबणे हीही तस्करीच. पीडित व्यक्तीने ‘मी माझ्या मर्जीने आले’ असे सांगितले तरी गुन्हा संपत नाही, कारण संमती येथे निर्णायक नाही असे कलमातच म्हटले आहे. बालकाची तस्करी असेल तर किमान शिक्षा १० वर्षांची, आणि एकाहून अधिक बालके असतील तर १४ वर्षांची आहे. जाता जाता सांगतो, या गुन्ह्यात स्वतः पोलीस किंवा अन्य लोकसेवक सामील असेल तर त्याला उरलेले नैसर्गिक आयुष्य तुरुंगात काढावे लागते. वर्दी घालू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही तरतूद वाचून ठेवावी.

आपल्या कन्येच्या मानसशास्त्राचा संबंध येथे येतो. तस्करी ओळखण्याचे काम दुर्बिणीने होत नाही, साध्या प्रश्नांनी होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आज उपनिरीक्षक आहे. तिने मला सांगितलेला प्रसंग असा : फलाटावर एक माणूस आणि बारा-तेरा वर्षांची चार मुले बसलेली होती, चौघांच्या अंगावर कोरे कपडे होते आणि चौघेही त्या माणसाला ‘मामा’ म्हणत होते. तिने मुलांना एकेक करून बाजूला घेतले आणि उतरायचे स्टेशन कोणते, तिकिटाचे पैसे कोणी दिले, मामाचे आडनाव काय आणि त्याच्या घरी कोण कोण असते, एवढेच विचारले. पहिल्या प्रश्नाला चौघांचे उत्तर शब्दशः एकच होते, पढवल्यासारखे, आणि शेवटच्या प्रश्नाला चौघांनाही उत्तर देता आले नाही. ‘सर, खरे बोलणाऱ्यांची उत्तरे थोडी थोडी वेगळी असतात,’ असे ती म्हणाली, आणि मला ते अजून आठवते.

अशा खुणा अनेक आहेत आणि एकटी कोणतीच पुरेशी नसते. विचारले एकाला आणि उत्तर देतो दुसराच. मुलीचा मोबाइल आणि आधार कार्ड सोबतच्या बाईच्या पर्समध्ये असते. कामाला आलेल्या मजुराला मालकाचे नाव माहीत नसते, पण घेतलेल्या उचलीचा आकडा तोंडपाठ असतो. तो घरी फोन करू शकतो का असे विचारले की आधी मुकादमाकडे पाहतो. आपल्याकडे झाबुआ, धार, बडवानी या भागांतून गुजरात-महाराष्ट्राकडे रोजगारासाठी जाणारी कुटुंबे हजारोंनी आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य राजीखुशीने, आपल्या हिशेबाने जातात. प्रत्येक स्थलांतरिताकडे संशयाने पाहणारा पोलीस या कामास लायक नाही. उचल देऊन मजुरी कापणे आणि जाण्या-येण्यावर पहारा बसवणे हे जेथे सुरू होते, तेथे १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो, हा फरक ज्याला कळतो तोच येथे उपयोगी पडतो.

फलाटाइतकेच महत्त्वाचे ठिकाण म्हणजे थान्यातली ‘गुम इंसान’ची, म्हणजे हरवलेल्या माणसांची, नोंदवही. ‘मुलगी पळून गेली असेल, दोन दिवसांत येईल’ असे म्हणून आईबापांना परत पाठवण्याची जुनी सवय होती. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सांगितले की हरवलेल्या बालकाची तक्रार आली की एफआयआर नोंदवावा आणि अपहरण किंवा तस्करी झाली आहे असे गृहीत धरूनच तपास करावा. चार महिन्यांत बालक सापडले नाही तर प्रकरण तस्करीविरोधी कक्षाकडे जाते. म्हणजे या कक्षाकडे येणारी कित्येक प्रकरणे आधीच थंडावलेली असतात, आणि कॉल डिटेल्स, बँकेच्या नोंदी, जुने शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी यांतून पुन्हा धागा काढावा लागतो. ‘दस्तयाब’ म्हणजे ‘सापडले’, हा कोरडा फारसी शब्द केस डायरीत लिहिण्यासाठी कधी कधी दोन वर्षे लागतात.

आपल्याला धास्ती आहे त्या छाप्यांविषयी. ते होतात, पण कामाचा तो लहानसा भाग आहे आणि तो नियमांनी बांधलेला आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली झडती घेताना परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी, त्यांपैकी एक स्त्री, हजर ठेवावे लागतात आणि सोबत किमान दोन महिला पोलीस असाव्या लागतात. सुटका झालेल्यांना आरोपींच्या गाडीत बसवायचे नाही, त्यांचे चेहरे छायाचित्रात येऊ द्यायचे नाहीत, बालकाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचे. वयाचा वाद निघतोच. तेव्हा बाल न्याय कायद्यानुसार आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी असा क्रम आहे, आणि त्या यादीत आधार कार्ड नाही हे नवख्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. दुसरी बाजूही तिने समजून घ्यावी : स्वेच्छेने वेश्याव्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना छाप्यात अटक करू नये, त्रास देऊ नये, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या आदेशात नोंदवलेली आहे. सुटका कोणाची करायची आणि कोणाला नुसते सोडून द्यायचे, हे ओळखणे दार तोडण्यापेक्षा अवघड आहे.

खटले हरतात ते मात्र नंतर. सुटका झालेली मुलगी पहिल्या दिवशी पोलिसांवर चिडलेली असते. ज्या बाईने विकले तिलाच ती ‘दीदी’ म्हणते, आणि घरी परत जाण्याची तिला लाज वाटते. दंडाधिकाऱ्यासमोर जबाब होईपर्यंत आणि पुढे साक्षीच्या तारखेपर्यंत तिचा विश्वास टिकवून ठेवणारी एक अधिकारी लागते. आरोपीचाच वकील पीडितेच्या वतीने उभा राहून तिला ‘सोडवून’ नेत असे, इतका हा धंदा मुरलेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर २००२ मध्ये त्याला मज्जाव केला. दलाल एका राज्यात, कुटुंब दुसऱ्यात आणि मालक तिसऱ्यात असल्याने पत्रव्यवहार, प्रवास आणि फोन यांतच दिवस जातात. आपली कन्या सहनशील आणि नेटकी असेल, लिहिण्याचा तिला कंटाळा नसेल, तर ती येथे टिकेल. केवळ थरार हवा असेल तर सहा महिन्यांत निराश होईल.

मार्गांबद्दल थोडक्यात. पदवीनंतर उपनिरीक्षकाची परीक्षा मध्यप्रदेश कर्मचारी चयन मंडळामार्फत होते, परंतु ही भरती दरवर्षी निघत नाही आणि मध्ये कित्येक वर्षांचा खंड पडलेला आहे, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर बसू नये. पोलीस उपअधीक्षकाचे पद राज्य सेवा परीक्षेतून मिळते, आणि ती घेणाऱ्या लोकसेवा आयोगाचे कार्यालय आपल्या इंदुरातच आहे. आरक्षकाच्या (पोलीस शिपायाच्या) भरतीत ८०० मीटर धावणे, लांब उडी आणि गोळाफेक असते. धावण्याचा सराव कोणत्याही परीक्षेसाठी आजच सुरू करता येईल. राज्याच्या सरळ भरतीत महिलांसाठी ३५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे सुरक्षा दलही ‘ऑपरेशन आहट’ या नावाने गाड्यांमध्ये आणि स्थानकांवर हेच काम करते, मात्र पकडलेल्यांना पुढील तपासासाठी पोलिसांच्या स्वाधीन करते.

आणि मघाच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, म्हणजे तिला पोलीस व्हायचे नसून या मुलींसाठीच काम करायचे असेल, तर समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी हा सरळ रस्ता आहे. १९५१ पासून चालत आलेले इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क आपल्या घरापासून दूर नाही. तेथून बालसंरक्षण कक्ष, बालगृहे आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीशी जोडलेली कामे खुली होतात. वेतन पोलिसांपेक्षा कमी आणि नेमणुका बहुधा कंत्राटी असतात, हे वडिलांपासून लपवू नये.

वडिलांच्या बँकेच्या सूचनेला मी नावे ठेवत नाही. दोन्ही परीक्षांतील अंकगणित आणि तर्कशक्तीचा अभ्यास बराचसा सारखाच असतो, आणि वर्षभर तो केल्याने काही बिघडत नाही. आपल्या झोपेबद्दल मात्र खोटा दिलासा देणार नाही : रात्रपाळ्या असतील, सणावाराला बंदोबस्त असेल आणि बदल्याही होतील. तरी एक गोष्ट आपल्या विचारासाठी ठेवतो. मध्यप्रदेशातल्या १८० थान्यांमध्ये महिला मदत कक्षांचा प्रयोग करून पाहण्यात आला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि स्त्रियांच्या तक्रारींवर एफआयआर नोंदवण्याचे प्रमाण वाढले ते प्रामुख्याने ज्या कक्षांत महिला अधिकारी बसल्या होत्या तेथे. आज हे कक्ष ‘ऊर्जा महिला डेस्क’ नावाने चालतात. परवानगी देण्या-नाकारण्यापूर्वी आपण दोघी मिळून जवळच्या थान्यातल्या त्या डेस्कवर दुपारच्या वेळी जा, टीआय साहेबांची (थान्याच्या प्रभारी निरीक्षकांची) रीतसर परवानगी घ्या आणि तासभर बाजूला बसून नुसते ऐका. परतल्यावर ती काय म्हणते ते मला कळवा. पुढच्या परीक्षांचे वेळापत्रक आपण त्यानंतर ठरवू.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक, इंदूर