मुलीला प्रथिनं शुद्ध करायची आहेत

(सांगलीच्या एका वडिलांचं पत्र. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत तिने पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन पीडी-१’ नावाच्या प्रथिनावर काम केलं आणि आता तिला त्यातच पुढे जायचंय. त्यांचे प्रश्न : हे काम नेमकं कसलं? नोकरी मिळते का? साठ हजारांचा तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करावा, की बी.एड. बरं?)

नमस्कार.

आधी कोर्सचं सांगतो. पैसे भरू नका. कंपनी मुलाखतीत सर्टिफिकेट बघत नाही, ‘कॉलम (मिश्रणातून प्रथिन वेगळं करणारी नळी) कसा चालवलास?’ असं विचारते. त्याचं उत्तर हाताला सवय असेल तरच देता येतं.

आता काम. पीडी-१ हा आपल्या टी पेशींवरचा (रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींवरचा) रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन; प्रतिकारशक्तीचा ब्रेक म्हणा. कर्करोगाच्या पेशी तो दाबून स्वतःला वाचवतात. क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये तो शोधला आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. हा ब्रेक सोडवणारी नवी औषधं तपासायची, तर शुद्ध पीडी-१ हाताशी लागतो. तो माणसाच्या रक्तातून गोळा करत बसणं परवडणारं नाही. म्हणून त्याच्या पेशीबाहेरच्या भागाचा जनुक एचईके-२९३ सारख्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घालतात; ‘रिकॉम्बिनंट’ म्हणजे हेच. त्या पेशी ते प्रथिन बाहेरच्या द्रवात सोडतात. त्याच्या टोकाला जोडलेली हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी निकेलच्या कॉलमवर चिकटते, बाकीचं धुऊन जातं.

खरी कसोटी इथून पुढे आहे. हिशेबाने या तुकड्याचं वजन सतराएक किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक), पण प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचा पट्टा तिशीच्या वर दिसतो. नवखा घाबरतो. जाणकाराला माहीत असतं की पेशीने त्यावर साखरेच्या साखळ्या चढवल्या आहेत. मग प्रथिनाच्या गुठळ्या झाल्यात का, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विषारी द्रव्य) किती आहे, ते प्रथिन पीडी-एल१ ला, म्हणजे कर्करोगाच्या पेशी ज्याने हा ब्रेक दाबतात त्या प्रथिनाला, खरोखर बांधलं जातं का, हे सगळं तपासायचं. जनुक घालण्याचं कौतुक सगळ्यांना असतं. माझ्या मते नोकरी शुद्धीकरणात आणि तपासणीत आहे. अशा कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ लिहिलेलं असतं, पण तेच कौशल्य औषध कंपन्यांतही चालतं. संधिवातावरचं इटानरसेप्ट हे औषध म्हणजे रिसेप्टरचाच तुकडा अँटिबॉडीच्या शेपटीला जोडलेला, आणि त्याला अमेरिकेत १९९८ मध्येच मंजुरी मिळाली.

तिने आयआयटी-जॅम आणि जीएटी-बी या एम.एस्सी. प्रवेशाच्या दोन्ही परीक्षा द्याव्यात. एम.एस्सी. निवडताना कॉलेजचं नाव नंतर बघा; शेवटच्या सत्राचा प्रबंध विद्यार्थी स्वतः प्रयोग करून लिहितात का, हे आधीच्या बॅचला फोन करून विचारा. अनेक ठिकाणी तो नुसता कागदावर होतो. पुढे संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा. तीतून निवडलेल्या ज्युनिअर फेलोला (पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाला) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. एम.एस्सी.वर थेट कंपनीत गेली तर सुरुवातीचा पगार तुम्हाला कमी वाटेल, पाळ्याही असतील, आणि नोकरी बहुधा पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूला. सांगलीत राहून हे काम होणं अवघड आहे, हे आत्ताच घरात बोलून घ्या.

बी.एड.ची सीईटी द्यायला हरकत नाही, पण तिच्या मनाविरुद्ध नको. तूर्त तिने पुण्याच्या त्या मार्गदर्शकांना मेल लिहून डिसेंबरच्या सुट्टीत परत येऊ का, एवढं विचारावं.