हजार क्लॉकच्या डिलेसाठी हजार फ्लॉप नकोत

प्रिय दोस्ता,

तुझ्या चिपचं आर्किटेक्चर आणि सिंथेसिसचा (कोडचं गेटांत रूपांतर झाल्यावरचा) रिपोर्ट, दोन्ही नीट पाहिले. गणिताचा भाग चोख आहे. पण 16 बिटांचा सिग्नल 1024 क्लॉक, म्हणजे चिपचे तेवढे ठोके, उशिरा मिळावा म्हणून तू सरळ शिफ्ट रजिस्टर लावलंयस (दर क्लॉकला डेटा पुढे सरकवणारी फ्लॉपची, म्हणजे एकेक बिट साठवणाऱ्या सर्किटांची, रांग), आणि निम्म्याहून जास्त एरिया त्यातच गेलाय. त्याबद्दलच लिहितो.

हिशेब मांडून बघ. 16 गुणिले 1024 म्हणजे 16,384 फ्लॉप. नेहमीच्या स्टँडर्ड सेल लायब्ररीत (तयार गेटांच्या संचात) एका फ्लॉपला वीसेक ट्रान्झिस्टर लागतात, एसरॅमच्या (चिपवरच्या मेमरीच्या) एक बिट ठेवणाऱ्या सेलला सहा. हे झालं एरियाचं. पॉवरचं दुखणं याहून मोठं. डेटा बदलो वा न बदलो, दर क्लॉकला या सगळ्या फ्लॉपच्या क्लॉक पिना हलतात. शिवाय आत आलेला प्रत्येक नमुना (सिग्नलचं 16 बिटांचं एक मूल्य) बाहेर पडेपर्यंत हजार वेळा पुन्हा पुन्हा लिहिला जातो. त्या प्रत्येक लिहिण्यात कपॅसिटन्स भरतो आणि रिकामा होतो, आणि त्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं जाते.

म्हणून नमुना मेमरीत जागेवर राहू दे, पॉइंटर (मेमरीतला पत्ता दाखवणारा आकडा) हलव. बँकेत टोकन घेतलेली माणसं आपापल्या खुर्चीवर बसून असतात, पुढे सरकतो तो फक्त नंबर, तसंच. मेमरीत पॉइंटरच्या पत्त्यावरचा जुना नमुना वाच, त्याच जागी नवा लिही, पॉइंटर एकानं वाढव. दर क्लॉकला 16 बिट वाचले, 16 लिहिले आणि 10 बिटांचा काउंटर हलला. बाकी मेमरी शांत.

इथे तू म्हणशील, एकाच क्लॉकमध्ये वाचायचं आणि लिहायचं तर ड्युअल पोर्ट मेमरी हवी, आणि तिचा सेल मोठा असतो. नको. दोन नमुने जोडून 32 बिटांचा एक शब्द कर आणि 512 शब्दांची सिंगल पोर्ट (एका क्लॉकला वाचणं किंवा लिहिणं एकच करणारी) मेमरी घे. सम क्लॉकला वाच, विषम क्लॉकला लिही. जोडी जमवताना आणि सोडवताना एखाद-दोन क्लॉक वाढतात. तेवढा पॉइंटर आधीच शून्यावर आण, म्हणजे एकूण डिले 1024 चाच राहतो. माझ्या मते या कामातली ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे. ती कागदावर चार-पाच क्लॉकची टायमिंग आकृती काढून स्वतः पडताळ, नुसती वाचून सोडू नकोस.

डिले चार-आठ क्लॉकचाच असेल तर मात्र फ्लॉपच बरे. छोट्या मेमरीत डिकोडर (पत्त्यावरून ओळ निवडणारा) आणि सेन्स ॲम्प्लिफायर (सेलचा क्षीण सिग्नल वाचणारा) यांचाच पसारा सेलपेक्षा मोठा होतो. मधल्या लांबीला लॅचचा (एक बिट धरणाऱ्या साध्या सर्किटांचा) ॲरे घे. फ्लॉप म्हणजे पाठोपाठचे दोन लॅच; नमुना सरकणारच नसेल तर एक लॅच पुरतो, आणि क्लॉक गेटिंग करून ज्या ओळीत लिहायचं तिलाच क्लॉक देता येतो. टेस्टवाली मंडळी कुरकुर करतील, कारण लॅच तपासणं अवघड जातं. त्यांना आधीच विश्वासात घे.

आणखी एक बघ. तू डेटापाथच्या (डेटा जातो त्या वाटेवरच्या) प्रत्येक फ्लॉपला रिसेट, म्हणजे सुरुवातीला शून्य करणारा सिग्नल, दिलायस. रिसेट फक्त व्हॅलिड बिटाला (डेटा ग्राह्य आहे का हे सांगणाऱ्या) हवा. व्हॅलिड शून्य असताना डेटात काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. एफपीजीएवर (आतलं लॉजिक नंतर हवं तसं जोडता येणाऱ्या तयार चिपवर) ही सवय आणखी महागात पडते. झायलिंक्स या एफपीजीए ब्रँडच्या नव्या फॅमिलींमध्ये सहा इनपुटांचा एक एलयूटी (लॉजिकचं कोष्टक साठवणारा छोटा घटक) 32 बिटांचं शिफ्ट रजिस्टर होऊ शकतो, पण कोडमध्ये प्रत्येक टप्प्याला रिसेट दिसला की टूल मुकाट्यानं फ्लॉप मांडत बसतं.

क्वचित येणारा एखादा पल्स उशिरा पोचवायचा असेल, आणि एका वेळी एकच वाटेत असेल, तर मेमरीही नको. 10 बिटांचा काउंटर पुरे.

आता होल्ड फिक्सिंगचा प्रश्न, म्हणजे डेटा पुढच्या फ्लॉपला फार लवकर पोचत असेल तर त्याला जरासा उशीर घालणं. तिथे डिले नॅनोसेकंदाच्या अंशाचा असतो आणि क्लॉक मदतीला नसतो. छोट्या, वेगवान इन्व्हर्टरांची लांबच लांब साखळी लावू नकोस. प्रत्येक टप्पा जागा खातो आणि टॉगलही होतो, म्हणजे पॉवरही खातो. 2020 मध्ये गूगल आणि चिप बनवणाऱ्या स्कायवॉटरनं 130 नॅनोमीटरचं पीडीके (त्या प्रोसेससाठी चिप डिझाइन करायचा संच) खुलं केलं, त्यातला चार टप्प्यांचा डिले सेल उघडून लेआउट बघ. त्याच्या एका प्रकारात आतल्या टप्प्यांच्या गेटची लांबी 0.15 ऐवजी 0.50 मायक्रॉन आहे. लांबी वाढली की करंट घटतो आणि गेटचा कपॅसिटन्स वाढतो, म्हणजे संथपणा दोन्हीकडून मिळतो. शेवटचा टप्पा मात्र चपळ ठेवतात, कारण कड (सिग्नलचा 0 ते 1 किंवा उलट बदल) लोळत, म्हणजे हळूहळू, बाहेर पडली तर पुढच्या गेटचे पीमॉस आणि एनमॉस हे दोन्ही ट्रान्झिस्टर काही काळ चालू राहतात आणि करंट सप्लायवरून थेट ग्राउंडला वाहतो.

त्याआधी एक सोपा उपाय करून बघ: त्या पाथवर सेटअपला वाव असेल (डेटा क्लॉकच्या आधी पोचायला वेळ शिल्लक असेल) तर आहेत तेच सेल हाय व्हीटीचे, म्हणजे जास्त व्होल्टेजला चालू होणारे, कर. बफर न घालता डिले वाढतो, लीकेजही (बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा करंट) उतरतं. फक्त प्रोसेस, व्होल्टेज आणि तापमान बदललं की असा डिले दुपटीहूनही जास्त हलू शकतो, म्हणून फास्ट कॉर्नरला (सगळ्यात वेगवान परिस्थितीत) होल्ड आणि स्लो कॉर्नरला (सगळ्यात संथ परिस्थितीत) सेटअप, दोन्ही पुन्हा तपास.

बदल झाले की नवे रिपोर्ट पाठव. पॉवरचा रिपोर्ट टूलच्या ठोकळ टॉगल रेटवर (सिग्नल किती वेळा बदलतात याच्या अंदाजावर) काढू नकोस. खरा इनपुट देऊन सिम्युलेशन चालव आणि त्याची ॲक्टिव्हिटी फाइल टूलला दे.

तुझा,
दादा