हॉस्पिटलची वाट बघू की वृद्धांच्या केअर सेंटरची नोकरी घेऊ?

"ताई, मी ३४ वर्षांची आहे. मुलं मोठी झाल्यावर प्रॅक्टिकल नर्सचा कोर्स केला, परीक्षा पास झाले, रजिस्ट्रेशन पण आलं. त्याला ५ महिने झाले, नोकरी नाही. प्रत्येक जाहिरातीत २ वर्षांचा अनुभव मागतात. एका हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यू झाला, मॅडमनी विचारलं रात्री ड्युटीवर आहेस आणि पेशंट खाली पडलेला दिसला तर काय करशील, आणि मी पूर्ण ब्लँक झाले. आता म्हाताऱ्या लोकांच्या एका केअर सेंटरमधून होकार आलाय, पुढच्या आठवड्यात कळवायचंय. बॅचच्या मुली म्हणतात तिकडे गेलीस तर शिकलेलं सगळं विसरशील, नंतर कुठलंच हॉस्पिटल घेणार नाही. मिस्टर म्हणतात नाइट नको. आणि मधल्या ५ महिन्यांचं कुणी विचारलं तर काय सांगू तेही कळत नाही. रात्र रात्र झोप नाही. काय करू?"

अगं, आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुला आठवडाच आहे. नोकरी घे. पण फोन उचलून लगेच "हो, येते" असं सांगू नकोस, आधी त्यांना काही गोष्टी विचार, आणि त्यांची उत्तरं बरी आली तरच घे. काय विचारायचं ते सांगतेच.

शिकलेलं विसरतं हे जे तुझ्या बॅचच्या मुली म्हणतात ना, ते मी बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकलंय, आणि बहुतेक त्याच मुली म्हणतात ज्यांनी तिथे काम केलेलं नसतं. इतकी वर्षं वॉर्डात काढली, नंतर इन-चार्ज म्हणून नव्या मुलींचे इंटरव्ह्यू पण घेतले, म्हणून सांगते. एक खरं की सलाइन लावणं, ऑपरेशनच्या आधीची तयारी, हे तिथे रोज हाताखालून जाणार नाही, तेवढा हात बसायला नंतर थोडा वेळ लागेल. पण नर्सचा हात बसायला महिनाभर पुरतो, नजर बसायला वर्ष जातं, आणि नजर जेवढी म्हाताऱ्या माणसांच्यात तयार होते तेवढी दुसरीकडे क्वचितच. का, तर म्हातारं माणूस पुस्तकात लिहिल्यासारखं आजारी पडतच नाही. इन्फेक्शन झालं तरी बऱ्याचदा ताप येत नाही, काल गप्पा मारणाऱ्या आजी आज दुपारपासून मुलाला ओळखत नाहीत, एवढंच दिसतं, आणि बाकीचे म्हणतात वय झालं. वय झालं म्हणून कुणी एका दुपारीत गोंधळत नाही, तिथे युरिन बघ, शुगर बघ, ऑक्सिजन बघ, नवीन कुठली गोळी सुरू झालीय का ते बघ. हे ज्या मुलीला कळलं ती कुठल्याही वॉर्डात चालते.

किंवा बेडसोर घे, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम. कोर्समध्ये तू चार्ट बघितला असशील. तिथे तू रोज अंघोळ घालताना माकडहाडाची जागा आणि टाचा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. लाल दिसलेल्या जागेवर बोट दाबून उचलायचं, जागा पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, बोट उचलल्यावरही तशीच लाल राहिली तर सुरुवात झालेली आहे. आणि सावळ्या त्वचेवर हा लालपणा दिसतच नाही गं, तिथे बाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का, पेशंट हात लावल्यावर कण्हतो का, हे बघायचं. ही गोष्ट पहिल्या दिवशी पकडली तर कूस बदलून आणि तिथला दाब काढून निभावतं, आठवड्याने पकडली तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग. आणि पुढच्या इंटरव्ह्यूत तू हे असं सांगितलंस की समोरची मान वर करून तुझ्याकडे बघेल, हे मी लिहून देते.

आता विचारायचं काय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिले किती दिवस मी दुसऱ्या नर्सच्या बरोबर ड्युटी करणार आणि ती नर्स कोण. "बघू, तुम्हाला जमेल हो, सोपं आहे" असं उत्तर आलं की समजायचं कुणी शिकवणार नाहीये. दुसरं, रात्री एका नर्सकडे किती जण असतात आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा, तो माणूस उचलतो का. प्रॅक्टिकल नर्स म्हणून तुझं काम तुझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या रजिस्टर्ड नर्सच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखालचं आहे, त्यामुळे देखरेख करणारं माणूस कागदावर आहे की खरंच आहे हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्यात आगाऊपणा काही नाही. तिसरं, औषधं कोण भरतं, कोण देतं आणि त्याची नोंद कुठे होते. दुसऱ्याने काढून ठेवलेल्या गोळ्या तू द्यायच्या आणि सही तुझी, अशी पद्धत असेल तर तिथून नमस्कार करून नीघ. आणि तुझ्या रजिस्ट्रेशनमध्ये जे काम बसत नाही ते "इथे सगळ्याच करतात" म्हणून करायला लावलं तर करायचं नाही, काही झालं तर "सगळ्या" तुझ्या बाजूने उभ्या राहणार नाहीत, रजिस्ट्रेशन तुझं जाईल. शक्य असेल तर जॉइन व्हायच्या आधी एकदा जेवणाच्या वेळेला जाऊन ये. लोकांना ताठ बसवून भरवतायत की अर्धवट आडवं ठेवून घाईघाईत घास कोंबतायत, जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवतायत का, युरिनची पिशवी बेडच्या खाली लटकतेय की जमिनीवर लोळतेय, बेल वाजली की किती वेळाने कुणी जातं. अर्धा तास कोपऱ्यात उभं राहिलीस की ते सेंटर कसं आहे ते तुझं तुलाच कळेल.

कागदपत्रांच्या झेरॉक्स द्यायच्या, ओरिजिनल दाखवायचे आणि परत पर्समध्ये. जॉइन होण्यासाठी पैसे भरा असं कुणी म्हणालं, मग ते डिपॉझिट म्हणोत नाहीतर ट्रेनिंग फी, तर तो विषय तिथेच संपला. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, असेल तर घरी आणून निवांत वाचायचा, त्यांच्या टेबलावर घाईत सही करायची नाही.

आता त्या ब्लँक झालेल्या प्रश्नाकडे येऊ, कारण मला वाटतं तुझी झोप त्याने उडालीय, नोकरीने नाही. तो प्रश्न नव्या मुलींना हमखास विचारतात. पेशंट खाली पडलेला दिसला, तर पहिली गोष्ट म्हणजे उचलायचं नाही. जीव कळवळतो, आपण धावत जाऊन काखेत हात घालतो, तिथेच घोळ होतो. तू जमिनीवर त्याच्याजवळ बसायचं, मदतीसाठी बेल किंवा हाक, आणि त्याच्याशी बोलायचं. बोलतोय का, श्वास नीट आहे का, रक्त कुठून येतंय का, डोकं आपटलं का, मान दुखतेय का. मान दुखत असेल तर मान हलू द्यायची नाही. मग पाय बघायचे, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय असं असेल तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची दाट शक्यता, मग तर अजिबात हलवायचं नाही. पल्स, बीपी, ऑक्सिजन, शुगर घ्यायची, कारण बऱ्याचदा माणूस घसरून पडत नाही, शुगर उतरल्याने किंवा उभं राहताना बीपी पडल्याने पडतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हे फाइलमध्ये बघायचं, कारण अशा माणसाचं डोकं आपटलं असेल तर तो आत्ता हसून बोलत असला तरी डॉक्टरला लगेच कळवायचं, आतला रक्तस्राव काही तासांनी पण दिसतो. मग सीनियरला फोन, नातेवाइकांना कळवणं, आणि नोंद. नोंदीत तू पडताना बघितलं नसशील तर "पेशंट पडले" लिहायचं नाही, "रात्री २.१० ला बेडच्या उजव्या बाजूला जमिनीवर आढळले" असं लिहायचं. जे बघितलं तेवढंच. हे एवढं शांतपणे सांगितलंस तर समोरच्या मॅडमना अजून काही ऐकायची गरज पडत नाही.

डॉक्टरला फोनवर काय बोलायचं याची पण घरी प्रॅक्टिस कर, हसू नकोस, आरशासमोर उभं राहून मोठ्याने कर. एसबार नावाची पद्धत तुला शिकवली असेल, अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून ती हॉस्पिटलांत आली, आधी काय झालंय, मग मागचं काय, मग मला काय दिसतंय, मग मला काय हवंय. म्हणजे असं, "डॉक्टर, ८२ वर्षांच्या आजी दुपारपासून गोंधळल्यात, सकाळी नीट बोलत होत्या. डायबेटिस आहे, लघवीसाठी कॅथेटर आहे. पल्स ११०, बीपी ९४/६०, शुगर १४०, ताप नाही. मला इन्फेक्शनची शंका येतेय, तुम्ही येऊन बघताय का हॉस्पिटलला हलवू?" अर्ध्या मिनिटात संपतं. "डॉक्टर, आजींना बरं वाटत नाहीये हो" असा फोन केला की समोरचा झोपेतला माणूस वैतागणारच.

जाहिरातीतल्या २ वर्षांच्या अनुभवाचं जास्त मनावर घेऊ नकोस. आयसीयू, डायलिसिस अशा ठिकाणी ते खरंच लागतं, तिथे नवीन मुलीने जाऊच नये. बाकीच्या ठिकाणी बऱ्याचदा ती त्यांची इच्छा असते, माणूस मिळत नसतं तेव्हा तीच जाहिरात नव्या मुलीने भरली जाते. तू अर्ज करत राहा, फक्त सीव्हीत "मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर" वगैरे लिहिलं असशील तर ते खोडून टाक, ते कुणी वाचत नाही. त्याजागी प्रॅक्टिकलला कुठल्या वॉर्डात किती तास होतीस आणि तिथे स्वतःच्या हाताने काय केलंस ते लिही. सर्च करताना पण एकाच नावाने शोधू नकोस, एकाच प्रकारच्या कामाला वेगवेगळी नावं असतात, अमेरिकेत लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणतात त्यालाच कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये लायसन्स्ड व्होकेशनल नर्स म्हणतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे साधारण असंच काम करणारीला एनरोल्ड नर्स. आणि जिथे प्रॅक्टिकलला होतीस तिथल्या वॉर्डच्या सिस्टरना फोन कर, जागा निघतेय हे जाहिरातीच्या आधी त्यांना कळलेलं असतं. ज्यांचं नाव रेफरन्स म्हणून देणार त्यांना आधी विचार मात्र. बीएलएसचं, म्हणजे श्वास किंवा हृदय थांबलं तर काय करायचं त्या ट्रेनिंगचं, कार्ड चालू आहे ना बघ, ते साधारण २ वर्षंच चालतं, आणि हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीनही डोस झाल्याचा कागद फाइलला लाव. तिसऱ्या डोसनंतर १-२ महिन्यांनी लस लागू पडली का हे बघायला रक्तातली अँटिबॉडी तपासून घेतलीस तर उत्तम. ड्युटीवर पेशंटला वापरलेली सुई तुला टोचली तर दाबत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच रिपोर्ट करायचं, कारण एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणूनची गोळी ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी बरी.

एजन्सीतून रोज नव्या ठिकाणी जायची कामं सध्या नको. पैसे जरा बरे दिसतात पण रोज नवा वॉर्ड, तुला कुणी ओळखत नाही, तुला काय येतं काय नाही हे कुणाला माहीत नाही, आणि शिकवायला तर कुणालाच वेळ नाही. एखाद्याच्या घरी एकटीने पेशंट सांभाळायचं काम पण पहिल्या वर्षात नकोच.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. पहिले २-३ महिने नाइट नको, कारण शिकवणारी माणसं दिवसा असतात, म्हणून सेंटरला तू तसं मागून घे. पण कायमचं नाइट नाही असं नर्सिंगमध्ये चालत नाही, आणि ते तू आत्ताच घरी बसून बोल, पहिली नाइट लागल्यावर दारात उभं राहून भांडू नका. मुलांचं सकाळचं कोण बघणार, नाइटवरून आल्यावर तुला सलग झोप कशी मिळणार, हे त्यांच्याबरोबर कागदावर लिहून ठरवा. "मी कोर्सला गेले तेव्हाच तुम्हाला माहीत होतं" हे वाक्य तुला सुचेल, ते मनातच ठेव.

पहिले काही महिने घरी येऊन रडशील बहुतेक. मार्लीन क्रेमर म्हणून नर्सिंगच्या अभ्यासक होत्या, त्यांनी १९७४ मध्येच याला रिअ‍ॅलिटी शॉक म्हटलं होतं, शिकताना जसं शिकवलं तसं करायला ड्युटीवर वेळ मिळत नाही आणि नवीन नर्सला वाटतं आपल्यातच खोट आहे. त्यामुळे पहिल्या महिन्यात राजीनामा लिहायचा नाही. तुला कुणी शिकवत नाहीये आणि पेशंटला धोका होतोय असं दिसलं तर गोष्ट वेगळी, मग आधी लेखी कळव आणि तरीही काही हललं नाही तर सोड.

वयाचं तू स्पष्ट लिहिलं नाहीस पण ३४ पहिल्याच ओळीत घातलंस त्यावरून कळलं. मला तरी इंटरव्ह्यूला ३४ ची बाई समोर आली की बरं वाटायचं, उलटी-शी बघून नाक मुरडणार नाही एवढी खात्री असायची.

आणि ५ महिन्यांचं विचारलं तर लपवायचं काही नाही. "रजिस्ट्रेशन आल्यापासून अर्ज करतेय, एका ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, त्यात एका प्रश्नाला अडले, तो घरी बसून पक्का केला, विचारायचा तर आत्ता विचारा" असं सांग. मग त्यांनी विचारलंच तर वरचं सगळं तुझ्याकडे आहे.